बादलीतली बोट

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट सांगते. आमचे हे मालवाहू बोटीवर कुक होते, आणि नेरूळच्या घरात मी आणि पाच वर्षांची रुपा, दोघीच. बोट बंदराला लागली की यांचा फोन शेजारच्या काकूंकडे यायचा. त्या खेपेला ठरलेला दिवस उलटून पाच दिवस झाले, तरी फोन नाही. यांच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "समुद्र जरा खराब आहे, टेन्शन घेऊ नका." असं ऐकल्यावर कोणाला झोप लागेल?

मन रमावं म्हणून यांनीच रुपासाठी आणलेला बोटीचा किट काढला. दोघींनी मिळून प्लास्टिकचे तुकडे चिकटवले, लाल-काळा रंग दिला. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात तिने ती बोट बादलीत सोडली. जाऊन बघते तर बोट तळाशी! तिथेच बाथरूममध्ये बसून मी रडायला लागले.

रुपा जवळ आली. "आई, रडू नको ना. बाबांना पोहता येतं."

दोन दिवसांनी फोन आला. सुखरूप होते. रुपाचं बोलणं मी यांना सांगितलं.

"तिला सांगू नकोस," हे हळूच म्हणाले, "पण मला कुठे येतं पोहता?"