पोटात घातलेली सुई

मंडळी, ऐका! देवळात शिरताना आज तुम्ही प्रत्येकाने एक मागणं केलं आहे. कोणी ओठांत, कोणी मनात. "देवा, चुकलं-माकलं पोटात घाल!" केलंत ना? मान हलवा – पण खरी हलवा.

आता माझा प्रश्न साधा आहे. समजा, देवाने घातलं पोटात. पुढे काय? ती चूक नाहीशी झाली – की नुसती दिसेनाशी झाली? या दोहोंत अंतर किती?

सांगतो. चौदा मिलिमीटर!

हसू नका. मोजलेलं आहे.

आवळवाडी नावाचं गाव. तिथे भैरोबाच्या जत्रेत कुस्त्या होतात, बैल मिरवतात, आणि अलीकडे बायकांच्या गोधड्यांची स्पर्धा होते. स्पर्धा म्हणजे टाळ्या वाजवून नंबर देणं नव्हे! तीन परीक्षक, शंभर गुण. टाक्यांना चाळीस, रंगसंगतीला तीस, आणि उरलेले तीस कशाला? कडेला आणि कोपऱ्यांना! कारण गोधडीचं मधलं अंग कोणीही शिवेल. हात ओळखायचा तो कोपऱ्यात.

या गावात शेवंताबाई राहायची. वय बावन्न. टाका असा नेमका, की बोटभर लांबीत सात म्हणजे सात – सहा नाहीत, आठ नाहीत. तीस वर्षं तिने अर्ध्या गावाला पांघरूण दिलं. आणि गाव तिला काय म्हणायचं? आधी 'किसनची बायको', मग 'दत्तूची आई'. स्वतःचं नाव तिला थेट मतदानाच्या दिवशी ऐकू यायचं – तेही पाच वर्षांतून एकदा! तिला एकच हवं होतं. मंडपातल्या कर्ण्यावरून, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं, आपलं नाव.

एका वर्षी ते अर्ध्या गुणाने हुकलं. मुख्य परीक्षक प्रभावतीबाई – शहरात शिवणवर्ग चालवणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या – एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "काम देखणं आहे. पण बाई, ही गाठ बाहेर दिसते. गाठ पोटात हवी."

म्हणजे काय? पुरुषांना कळणार नाही, बायका हसताहेत. धाग्याच्या टोकाला गाठ मारायची, सुई कापडाच्या थरांत शिरवायची, आणि धाग्याला हलका झटका द्यायचा – टुक्! – गाठ आत. वरून हात फिरवा, डोळे फाडून बघा, गाठ नाही! म्हणजे आहे. पण नाही!

वर्षभर शेवंताबाईच्या डोक्यात ते एकच टुक् होतं.

पुढच्या स्पर्धेची गोधडी तिने नातीसाठी म्हणून शिवली. नात तीन महिन्यांची, नाव रेवा. मऊ जुन्या लुगड्यांचे पाच थर, वर हिरव्या-पिवळ्या तुकड्यांची नक्षी. स्पर्धेच्या आदल्या दुपारपर्यंत चारही कडांची पट्टी झाली, तीन कोपरे झाले. चौथा कोपरा मुडपला. पाचाचे तिथे अकरा थर झाले. तिने सुई घातली, अंगठ्याने रेटली...

कट्!

सुई मोडली. नेढ्याकडचा तुकडा हातात. टोकाचा तुकडा? हातात नाही, मांडीवर नाही, फरशीवर नाही!

दाराशी शेंगा फोडत बसलेली तिची जाऊ मथुरा म्हणाली, "काय मोडलं गं?"

"सुई."

"टोक कुठाय?"

शेवंताबाईने पदर झटकला. केरसुणी फिरवली. गोधडीवरून तळवा तीन वेळा दाबत नेला. काही लागेना.

"पडलं आसंल कुठंतरी," ती म्हणाली.

"कुठंतरी म्हंजी कुठं? उसव तो कोपरा."

"उसव म्हणायला तुझं काय जातंय? सगळ्या कडंला हात लावाय लागंल. उद्या धाला द्यायचीय गोधडी!"

"आगं, लेकराची हाय ती!"

आणि मंडळी, शेवंताबाई काय म्हणाली? दुष्ट बाई नव्हती ती. नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी, तिची टाळू भरणारी बाई. ती म्हणाली –

"उद्या स्पर्धेची हाय. लेकराची परवा व्हईल!"

ऐकलंत? तोंडातून शब्द गेला आणि तिचा तिलाच चटका बसला. पण हात थांबले नाहीत. दुसरी सुई ओवली, कोपरा शिवला. झटका. टुक्! गाठ आत. मग देव्हाऱ्याकडे हात जोडून म्हणते, "भैरोबा, येवढं पोटात घाल."

आता वजाबाकी करा. तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात वजाबाकी? का नाही? देवाला हिशोब कळत नाही असं कोणी सांगितलं? अख्खी सुई चाळीस मिलिमीटर. हातातला तुकडा सव्वीस. बाकी चौदा! आणि जगाचा नियम असा आहे की बाकी राहिलेली वस्तू कुठेतरी असतेच. तिचा पत्ता आपल्याला ठाऊक नाही, एवढंच.

पण शेवंताबाईने बाकी काढलीच नाही. घडी नीट बसावी म्हणून गोधडी चौपट दुमडली, गादीखाली दाबून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. एकवीस गोधड्या. तिन्ही परीक्षकांनी एकेक उलगडली, गुंडाळली, फिरून उलगडली. प्रभावतीबाई शेवंताबाईच्या चौथ्या कोपऱ्याशी आल्या. बोटाने चाचपलं. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाल्या, "वा! शोधून गाठ सापडत नाही!"

आणि कर्णा गरजला – "प्रथम क्रमांक, शेवंताबाई किसन घाडगे!"

काय वाटलं असेल तिला? ज्या नावासाठी वर्षभर बोटांना घट्टे पाडले, ते नाव ऐकलं – आणि ते दुसऱ्याच कोणा बाईचं वाटलं! मथुराने मागून ढकललं, तेव्हा ती मंचावर गेली. मथुरा हसत नव्हती.

सरपंचांना उत्साह आला. उत्साह आणि माईक एकाच माणसाकडे आले की काय होतं, ते तुम्ही जाणता! म्हणाले, "नातीसाठी शिवलीया म्हणं! कुठाय आपली छोटी पाव्हणी? आणा, निजवा गोधडीवर, मस्त फोटू निघू दे!"

टाळ्या! टेबलावर गोधडी पसरली गेली. सून कांचन रेवाला घेऊन मंचावर आली. दुपटं सोडलं. वाकली.

टाळकरी, टाळ खाली ठेवा. इथे नाद नको.

बाळाची पाठ आणि गोधडी यांत एक हात अंतर. शेवंताबाई बघते आहे. नसेलच टोक. घरात पडलं असेल. आणि असलंच तर कोपऱ्यात. बाळ तर मधोमध. बोललं तर नाव गेलं. अर्धा हात अंतर. एक वीत...

"ठेवू नगंस!"

माईक समोरच होता, मंडळी! तिची किंकाळी कर्ण्यातून सगळ्या जत्रेत गेली. आखाड्यात जोडी लढत होती – पैलवानांचे हात सुटले! कांचनने बाळाला छातीशी ओढलं. बाळ रडायला लागलं.

"काय झालं, वैनी?" सरपंच.

"सुई हाय त्यात. मोडकी."

कांचनने सासूकडे पाहिलं. हळू विचारलं. पण माईक चालूच होता.

"आत्याबाई, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"कवापास्नं?"

"काल दुपारपास्नं."

मला सांगा – याहून जड असा दोन शब्दांचा जबाब तुम्ही ऐकला आहे का? कांचन दोन पावलं मागे सरली. बाळावर तिने पदर ओढला. कोणापासून? आजीपासून!

शेवंताबाईने कात्री मागितली. सगळ्यांसमोर, पहिल्या नंबरचा तो कोपरा उसवायला घेतला. ज्या गाठीला वाहवा मिळाली, ती गाठ बाहेर आली. पट्टी सुटली. अकरा थर उघडले.

टोक नाही!

मंडपातला ताण सुटला एकदम. "न्हवतीच की!" "उगा घाबरवलंस दत्तूची आय!" सरपंचांनी कपाळ पुसलं, "सुटलो! निजवा बाळाला." प्रभावतीबाईसुद्धा म्हणाल्या, "मी स्वतः हात फिरवला होता, बाई. काही नाही त्यात."

आणि शेवंताबाई म्हणाली – "घावली न्हाई म्हंजी न्हाईच, आसं कालपास्नं मी बी म्हणतीया!"

मंडळी, मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. इतक्या थोड्या शब्दांत इतकं शुद्ध विज्ञान मला कधी मांडता आलं नाही.

तेवढ्यात कर्णेवाले शकीलभाई पुढे आले. त्यांच्या पेटीत फुटलेल्या स्पीकरचं लोहचुंबक होतं, भाकरीएवढं. "भाभी, इसको फिरवून बघू." कोपऱ्यावर धरलं. काही नाही. कडेने नेलं. काही नाही. मग आत, एक वीत, दीड वीत, अगदी मध्याकडे...

कापड उठलं!

उठलं म्हणजे? तंबूच्या खांबासारखं, टोकाने वर! एका बाईच्या हातातला नारळ खाली पडला. शेवंताबाईने तिथे कात्री लावली, चिमटीने ओढून काढलं. प्रभावतीबाईंनी टेप लावली. चौदा मिलिमीटर. गंज नाही, बोथट नाही. अणकुचीदार!

चमत्कार? मुळीच नाही. गोधडीत टाक्यांच्या दोन ओळींमध्ये अरुंद गल्ली असते. आपण दुमडतो, दाबतो, गुंडाळतो. प्रत्येक वेळी मोडकं टोक त्या गल्लीतून पुढे सरकतं. मागे येत नाही, कारण पुढचं अंग निमुळतं आणि मागचं खडबडीत. कोपऱ्यात लपवलं, आणि चोवीस तासांत ते बाळाच्या पाठीखाली येऊन उभं राहिलं! भैरोबाने पोटात घातलं नाही, भैरोबाने बाहेरही काढलं नाही. वस्तू आपल्या नियमाने चालली.

कर्ण्यावरून पुन्हा नाव पुकारलं गेलं – दुसऱ्या बाईचं. शेवंताबाईने टाळ्या वाजवल्या. मोजून सांगतो, पहिली टाळी तिची होती.

घरी मात्र कांचन चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने ती कापलेली गोधडी आणि लाल दोऱ्याचं रीळ सासूपुढे ठेवलं.

"शिवा. पर माज्याम्होरं बसून."

शेवंताबाईने शिवलं. आधी सुई मोजून दाखवली, शिवून झाल्यावर फिरून मोजून दाखवली. मग कांचनने रेवाला आणून गोधडीवर ठेवलं. स्वतःच्या हाताने.

पुढच्या वर्षी हीच गोधडी शेवंताबाईने स्पर्धेत मांडली. मधोमध लाल जखम, आणि गाठ वर – वाटाण्याएवढी! प्रभावतीबाईंनी ओळखलं. तरी नियम तो नियम. म्हणाल्या, "गाठ बाहेर आहे, शेवंताबाई. अर्धा गुण जाईल."

"जाऊ द्या, बाई. ती तितंच ऱ्हाऊ दे. मला दिसाय पायजे."

आता मी तुमच्याकडे वळतो. पुढे बसलेले काही जण डोळे मिटून ऐकताहेत. समाधी की झोप, ते तपासलेलं नाही. पण डोळे मिटलेले असतानाच बघा. तुम्ही कोणत्या कोपऱ्यात काय शिवून टाकलं आहे? भावाला न सांगितलेलं काही? सुनेच्या माहेराबद्दल चार घरांत सोडलेला एखादा शब्द? तुम्ही म्हणता, कोपऱ्यात आहे, कोणाला लागत नाही. अहो, ते चालतंय! तुमच्या प्रत्येक घडीसरशी ते एक रेघ आत सरकतंय. आणि एक दिवस भरल्या घरात, सगळ्यांच्या टाळ्यांत, कोणीतरी आपलं बाळ तिथेच निजवायला वाकणार आहे!

म्हणून आज देवळातून बाहेर पडताना तेवढं मागणं बदला. देवा, पोटात घालू नकोस. उसवायला हात दे!

उचला टाळ. म्हणा मोठ्याने – हात दे, विठ्ठला, हात दे!