‘अचानक’ हा शब्द खोडून घ्यावा

जबाब
दिनांक २१/०१/२०२५

माझे नाव ख्वाजा मैनोद्दीन शेख, वय ५७ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा काळी-पिवळी जीपवर ड्रायव्हर, राहणार धारूर, किल्ल्याच्या वाटेला, जिल्हा बीड. आज ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतःच्या पायांनी आलो असून, कोणी धाक घातलेला नाही, कोणी पढवलेले नाही, विचारले तेवढे आणि न विचारलेलेही सांगतो ते असे की,

मी वरील ठिकाणी पत्नी आमिनाबी हिच्यासह राहतो. तेहतीस वर्षांपासून गाडी चालवतो, त्यातली एकोणीस वर्षे तेलगाव ते धारूर याच रस्त्यावर. माझे लायसन्स चालू आहे. डोळ्यांची तपासणी मागच्या दिवाळीत झाली. चष्मा जवळचे वाचायला लागतो, लांबचे स्पष्ट दिसते. तक्रारदाराने ‘म्हाताऱ्याला दिसत नाही’ असे लिहून दिल्याचे मला सांगण्यात आले, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. ठाण्याच्या दारातून समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवायला तयार आहे.

दिनांक १९/०१/२०२५ रोजी रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी तेलगावहून प्रवासी घेऊन निघालो. गाडीत मला धरून बाराजण होते. नऊची परवानगी आहे, हे मला माहीत आहे. तो दंड वेगळा फाडा, भरतो. पण त्याचा आणि या धडकेचा संबंध लावू नका.

घाट सुरू झाल्यावर मागून एक पांढरी नवी कार आली. चालवणाऱ्याचे नाव प्रविण, राहणार कडा, वय अंदाजे चोवीस, हे मला नंतर समजले. तो सारखा हॉर्न वाजवत होता. घाट अरुंद, डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. बाजू द्यायला जागा नव्हती, म्हणून दिली नाही.

दुसरे वळण गेल्यावर मला रस्त्यात दोन दगड दिसले. डोक्याएवढे, एकमेकांपासून ट्रॉलीच्या दोन चाकांइतके लांब. हे काय असते ते साहेबांना माहीत नसेल तर सांगतो. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन घाट चढतो. भार जास्त झाला की दम खातो. तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीतले लोक खाली उडी मारून मागच्या चाकांना दगड लावतात, म्हणजे गाडी मागे येत नाही. ट्रॅक्टरने परत जोर धरला की तो पुढे जातो आणि दगड तिथेच राहतात. उचलून बाजूला टाकायला कोणाला सवड नसते. सीझनभर घाटात हेच चालते.

ते दगड ताजे होते. मातीत रुतलेली बाजू वर आली होती आणि ती अजून ओली होती. बाजूला उसाचे पाचट पडलेले होते, ते वाऱ्याने उडालेले नव्हते. मी गिअर उतरवला. पुढे साठ-सत्तर पावलांवर दुसरी जोडी दिसली. त्यापुढे चाळीस पावलांवर तिसरी. चौथी तर वीस पावलांवर. म्हणजे ट्रॅक्टरचा दम प्रत्येक वेळी कमी पडत चालला होता. पाचव्यांदा तो थांबणार तो वळणाच्या पलीकडे, आणि तिथे घाट सगळ्यात उभा आहे. तिथून तो मागे येणार हे मला दिसत नव्हते, पण कळत होते.

म्हणून मी वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला गाडी घेतली, चारी इंडिकेटर लावले, हात बाहेर काढून वर-खाली हलवला आणि हळूहळू थांबलो. हातब्रेक ओढला. माझ्या मागे बसलेल्या रुक्मिणीबाई, वय अंदाजे साठ, मला म्हणाल्या, “कावून थांबलाव भाऊ? रस्ता तर मोकळा हाय.” मी म्हणालो, “मावशी, दांडी धरून बसा.” त्यांनी दांडी धरली. मी दहापर्यंत आकडे मोजले असतील, तेवढ्यात पांढरी कार मागून आदळली. रुक्मिणीबाईंच्या मनगटाला मार लागला. दांडी धरली नसती तर तोंड फुटले असते, हे त्यांनी स्वतः दवाखान्यात सांगितले आहे. त्यांचा जबाब घ्यावा.

प्रविण खाली उतरून म्हणाला, “कावून थांबला बे? समोर काय हाय का? गाढव तरी हाय का?” मी काही बोलायच्या आधीच वळणापलीकडून आवाज आला. मागच्या ट्रॉलीची पिन तुटली होती. भरलेली ट्रॉली घरंगळत मागे आली, आडवी झाली आणि डोंगराला टेकून थांबली. सगळा रस्ता उसाने भरला. माझी जीप न थांबता गेली असती तर त्याच जागेवर असती. अकरा प्रवासी, बारावा मी. तेरावा-चौदावा कारमधला तो आणि त्याचा मित्र. नवीन गाडीतले गाणे तेवढे चालू राहिले असते.

ट्रॉलीमागे साखराबाई नावाच्या बाई दगड घेऊन वाकल्या होत्या. पिन तुटल्याचा आवाज ऐकून त्यांनी दगड टाकून दरीच्या बाजूच्या कठड्यावर उडी मारली. मी पळत गेलो तेव्हा त्या कठड्याला धरून बसलेल्या होत्या. मला म्हणाल्या, “दादा, खालून गाडीचा आवाज येत व्हता. मला वाटलं, म्होरून ट्रॉली अन् मागून गाडी, आता काय न्हाई राहत. मग त्यो आवाज थांबला.” तो आवाज माझ्या जीपचा. हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. त्यांची टोळी दुसऱ्या गावाला गेली म्हणून त्यांचा जबाब घेता येत नाही असे मला सांगितले. टोळी काय हवेत उडून जात नाही. मुकादमाला फोन लावला की सापडते.

आता तक्रारीबद्दल. प्रविणने तक्रारीत लिहिले आहे की, जीपचालकाने समोर कोणताही अडथळा नसताना अचानक ब्रेक मारला. हवालदार रामेश्वर हेही माझ्या जबाबात ‘अचानक’ असे लिहीत होते. मी त्यांना तो शब्द खोडायला लावला. ते म्हणाले, “अहो मामू, एका शब्दानं काय होतंय?” माझे म्हणणे, एका शब्दाने सगळे होते. अचानक तो थांबला ज्याने पुढचे पाहिले नाही. मी चार जोड्या दगड पाहिल्यावर थांबलो. प्रविणलाही तेच चार दिसले. तो त्यांच्यामधून गाडी वळवत आला, ते मी आरशात पाहिले आहे.

काल प्रविणचे चुलते घरी आले होते. चहा घेतला. म्हणाले, “चाचा, चुकून अचानक ब्रेक लागला एवढं लिहून द्या. गाडीचं विम्यातून निघंल, तुमच्यावर काय येऊ देत न्हाई. न्हाईतर आरटीओकडं कागद जाईल, अन् या वयात लायसन्स गेलं तर परत मिळत न्हाई.” माझी पत्नी आमिनाबी आतून म्हणाली, “मिटा डालो जी, बुढापे में कायकू झगडा.” मी चुलत्यांना म्हणालो, चहा प्यालात, आता उठा. लायसन्स गेले तर माझ्या घरची चूल बंद होते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. दुसरे काम मला येत नाही. तरीही ‘अचानक’ लिहून देणार नाही.

साहेबांनी मला विचारले की, दगडांमधले अंतर कमी झाले म्हणजे ट्रॅक्टर मागे येणार, हे कोणत्या नियमात आहे, कुठे शिकलात. मी दोनदा सांगितले, अनुभव. साहेब म्हणाले, अनुभव हा काही पुरावा होत नाही. बरं. पुरावा पाहिजे ना, मग लिहा.

सन १९९६ च्या फेब्रुवारीत मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मालकाचा टेम्पो, मोसंबी भरलेली, हाच घाट, हेच वळण. रस्त्यात दगडांच्या जोड्या होत्या. मी त्यांच्यामधून टेम्पो काढत निघालो. हात लई साफ आहे म्हणून स्वतःवर खूश होतो. वळणापलीकडे गहिनीनाथ नावाचा ऊसतोड कामगार, नारायणगडाकडचा, ट्रॉलीच्या चाकाला दगड लावायला वाकला होता. दगड त्याच्या हातातच होता. माझ्या टेम्पोखाली तो तिथेच गेला.

त्या अपघाताचा माझा जबाब याच ठाण्यात झाला होता. जुने कपाट उघडून पाहावे, कागद असेल. त्यात मी लिहून दिले आहे की, ‘सदर इसम अचानक आडवा आला.’ मालकाने तसे सांगायला सांगितले होते आणि मी सांगितले. कोर्टातून सुटलो. तो शब्द खोटा आहे. गहिनीनाथ कुठूनही आला नव्हता. तो त्याच्या जागेवर होता आणि दगड मला तीन वळणांपासून सांगत होते. मला दिसले होते. मी थांबलो नाही.

दगड वाचायला मी तिथे शिकलो. पुरावा म्हणतात तो हाच आहे, दुसरा माझ्याकडे नाही. याचे जे काय करायचे ते करा, लायसन्स ठेवा नाहीतर काढून घ्या. पण त्या जुन्या कागदावरचा ‘अचानक’ही खोडून घ्यावा. तो अठ्ठावीस वर्षे उशिरा खोडला तरी चालेल, राहू देऊ नका.

हवालदार आता हा जबाब मला वाचून दाखवणार आहेत. माझी विनंती एवढीच की मोठ्याने वाचावा. बाहेर बाकावर आमिनाबी बसली आहे. गहिनीनाथचे तिलाही मी तेच सांगितले होते, आडवा आला म्हणून.

वरील जबाब मोठ्या आवाजात वाचला गेला, मी तो शेवटपर्यंत ऐकला. मी बोललो तसाच उतरला आहे, कमी नाही, जास्त नाही. खाली सही करतो.

ख्वाजा मैनोद्दीन शेख