उसवायला ठेवलेलं कापड

हॅलो?… हां, बोल गं छोटे… नाही, दुपारची झोप कुठली, मशीनवर बसलेय. तुझ्या ठमीचा युनिफॉर्म… हो, हो, जमेल तेवढंच करतेय. एक शिवण मारायची की पडायचं, एक मारायची की पडायचं… डॉक्टर काय म्हणणार? त्यांचंही बोलून झालंय आता.

ते राहू दे. उद्या शाळेत लस आहे ना तिची?… काय? नको म्हणून कळवलंस?… अगं पण का?… सासूबाई म्हणाल्या. बरं. आणि तू?… हं… हं… अगं ऐक ना… छोटे, मी बोलू का जरा?

तिच्या स्कर्टला आत चार बोटं कापड दुमडलंय मी. आत्ता लागतंय का ते? नाही ना? मग पोरगी उंच झाल्यावर आयत्या वेळी कुठून आणशील?… हेही तसंच. तो विषाणू अंगात शिरायच्या आधी घ्यायची असते, म्हणून तर लहानपणी… पोरगी वाया जाईल? लशीने? धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन कोणी खिळ्यांवर नाचत सुटतं का गं?… हस, हस. मुलग्यांनाही देतात ती, तुझ्या धाकट्याचंही विचारून ठेव.

हो, मोठेपणी तपासण्या कराव्याच लागतात. पण माझ्यासारखं व्हायची भीती कितीतरी कमी होते… नाही, आज बोलू दे मला. सगळे म्हणता, मावशीचं पोट बिघडलंय. पोट नाही बिघडलेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालाय मला. घे, म्हटलं एकदा. कोसळलं का घर?

…छोटे?… कोण रडतंय?… फोन स्पीकरवर होता?… अगं देवा. दे तिच्याकडे. दे गं, काही होत नाही.

हॅलो ठमे… वेडाबाई, इकडे ऐक… हो, खरं आहे… हो, त्याचीच लस… दुखतं थोडं. दंड ठणकेल एखाद-दोन दिवस, दप्तर आईला उचलायला लाव… मी? आमच्या वेळी नव्हती गं राणी…

आत्ता?

…नाही. आत्ता घेऊन माझा आजार नाही जायचा… नाही गं, तुझ्यातली अर्धी देऊनही नाही… उद्या शाळेत मला नाही यायला जमणार, सोन्या. पण ब्लाउजची बाही सैल ठेवलीय मी. पटकन वर सरकेल, बघ… शहाणी माझी. दे आईला.

हां… नको रडू. मलाही रडू येतंय, मग शिवण वाकडी जाते… शाळेतल्या बाईंना फोन करतेस? आत्ता?… कर. आधी तेच कर.

आणि ऐक, ऐक… स्कर्टचं ते कापड. पुढच्या वर्षी तूच उसव… अगं, जमेल. टाके मुद्दाम मोठे घातलेत मी. तुला कात्री धड धरता येत नाही ना…

हो… हो… ठेव आता. बाई घरी जायच्या आत कर फोन. ठेव.