गडद साडी नगं

न्हाई गं पोरी, गडद नगं — काळी नगं, निळी नगं, ती बाटलीहिरवी तर उलगडूच नगंस. फिकी दाव. बदामी न्हाईतर मोतिया. वय? वयाचं काय न्हाई गं, आजून लालभडक नेसीन मी — डोस्क्याचं हाय. ह्यो पदर बघ, घरनं निघताना झाडला हुता, लगीच पीठ सांडल्यागत झालं का न्हाई? सरकू नगंस, शिवून लागत न्हाई. सोरायसिस म्हंत्यात. कोंडा न्हवं — कोंडा आसता तर कवाच गेला नसता का?

इलाज? काय करायचं ठिवलंय. करंजाचं तेल झालं, दह्यात लिंबू पिळून झालं, कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊन झालं — मग हितं सांगलीतल्या डॉक्टरनं डांबराच्या वासाचा शांपू दिला, मलम दिलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं, पर डोस्कं निवळलं की! वेणी घातली मी, आरशात दोन्हीकडनं बघितली. मग थंडी पडली, आन पयल्यापरास जास्त — खाज, खपल्या, रगात. डॉक्टर मानूस सरळ हाय. म्हनला, मावशी, ह्ये मुळासकट जायचं न्हाई, दाबून ठेवायचं. दाबतीया आपली. दाबलं की दुसरीकडनं निघतंय.

व्हय, कार्य हाय. नातवाचं बारसं, शिरवळला. माझा तानाजी तिथं कंपनीत हाय. सून सृष्टी, पोरगी गुणाची — तिला कुणी नाव ठिवू नगं. त्याचं झालं आसं, बाळ झालं तवा दवाखान्यात गेलो, मी वाकले — आगं वाकणारच की, पयला नातू — आन भुरभुर पडलं त्येच्या गालावर. सुनेच्या आईनं पदरानं पुसलं आन म्हनल्या, "रंगुबाई, जरा लांबनं बघा." म्हनलं, शिवून लागत न्हाई ह्ये. त्या हसल्या नुसत्या. तानाजी आपला खिडकीकडं तोंड करून हुबा.

ह्योच तानाजी गं — बारका हुता तवा उंबऱ्यावर माझ्या मागं बसायचा, कंगव्यानं हळूहळू खपल्या सोडवायचा, दुखतंय का आई, दुखतंय का. आन परवा फोनवर म्हंतो, "आई, बारशाला तू येऊ नगंस. बाळ जरा मोठं हुंदे, मग ये. कुणी काय बोललं तर मला सोसायचं न्हाई." बरं म्हनलं. मग साडी कशाला? आगं — घरात सांगितलंच न्हाई मी. आमचं मालक, तानाजीचा बा, खाली थांबल्यात. बाळाला चांदीचं वाळं घेतल्यात, खिशात घालून हिंडाय लागल्यात, भेटंल त्याला दावत्यात. त्यास्नी कसं सांगू?

ही बदामी चांगली हाय. मऊ हाय. — राग? न्हाई गं, लेकाचा कसला राग. त्या दिवशी त्यो खिडकीकडं तोंड करून हुता ना, तवा त्येच्या कानामागं दिसलं मला. पांढरं, खवल्याखवल्याचं. इचारलं, तर म्हनला हेल्मेटनं कोंडा झालाय. मी वळखत न्हाई व्हय? डॉक्टरनं मला पयल्याच दिवशी इचारलं हुतं, रक्ताच्या नात्यात कुणाला हाय का — शिवून लागत न्हाई, पर रक्तातनं जातंय म्हनं एखाद्याला. न्हाई म्हनलं मी. तवा न्हवतंच कुणाला. आन आता त्या लेकराचं डोस्कं, एवढंएवढं जावळ — न्हाई, न्हाई, ते बोलूच नगं. सृष्टीला आजून ठाव न्हाई. मी कुणाजवळ बोलले न्हाई गं, आन तुला का सांगत बसले कुणास —

जिन्यावर मालकच हायती, त्येंचाच खोकला त्यो. त्येंच्यासमोर काय बोलू नगंस हं. काय? बांधायची? न्हाई, न्हाई, घ्यायची न्हाई मला. घाल घडी. त्या बाई मगाधरनं हुब्या हायत्या, त्यास्नी दाव जा. जा म्हनलं ना.