अण्णाच्या ए-फोर्टीचं तेल

...नाही, पण तेल गळावं म्हणजे किती गळावं? हे नखांतलं बघा, साबणाने जात नाही, राखेने जात नाही, एकदा तर माझ्या भातात निघालं, आणि लोक मलाच म्हणणार, "तंबी, गाडी चालवतोस की तिला अभ्यंगस्नान घालतोस?" तुम्हाला सांगतो, ए-फोर्टी गाडी ही, माझ्या बापाच्या वयाची, सगळं युद्ध, पेट्रोल मिळेना म्हणून, तिने रॉकेलवर काढलं, तेव्हा थेंब सांडला नाही, आणि अण्णा गेला, एकतिसाव्या दिवसाचं जेवण झालं, मी स्टिअरिंगवर बसलो, की लागली गळायला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि मी तंबी, म्हणजे धाकटा. तापाने गेला. रोजच्यासारखा चुन्नाकमच्या बाजारात वांगीवाल्यांना सोडून आला, अंग दुखतंय म्हणाला, आडवा झाला, आणि... जाऊ दे. तेलाचं सांगत होतो.

तर आधी गळलं वरून, इंजिनावरच्या टॅपेट कव्हरमधून. गेलो गुणसिंगम बासकडे. आमच्या कोकुविलमध्ये मेस्त्रीला बास म्हणतात, आणि हा बास असा की बोनेट उघडायच्या आधी निदान तयार. "कॉर्कचं पॅकिंग गेलंय, तंबी. नवं घालतो, तुझी नातवंडं चालवतील." घातलं. वरचं थांबलं, तर खालून, तेलाच्या चेंबरच्या कडेने सुरू. "चेंबरचं पॅकिंग." तेही घातलं. मग क्लचच्या बाजूने, आणि असं की क्लच घसरायला लागला, गाडी नुसती ओरडते, पुढे सरकत नाही, वांगीवाल्या टोपल्या घेऊन उतरल्या आणि चालत निघाल्या, त्यातली सगळ्यात म्हातारी, परमेश्वरी आच्ची, जाता जाता म्हणते, "तुझा अण्णा असता तर आत्तापर्यंत आमची निम्मी वांगी विकून झाली असती." अहो आच्ची, असता तर काय काय झालं असतं, ते मला कळत नाही? दुसरं काय करतो मी दिवसभर? बास म्हणाला, गिअरबॉक्स उतरवू. उतरवला. चढवला. आणि तेल चालूच.

त्यात तिल्लैनाथन मामा. अण्णाची बायको माझी अण्णी, तिचे वडील हे. पांढरी वेष्टी, पांढरा सदरा, कपाळाला विभूती, आणि कोलंबोचा एक माणूस शोधून ठेवलेला, जो जुन्या गाड्या घेतो, लाल रंगवतो आणि लग्नाला भाड्याने देतो. "रविवारी येतोय तो. तोवर तेल थांबलं तर गाडी तुझी, नाही तर त्याची. दारातला काळा डाग बघत माझ्या लेकीने दिवस काढायचे का?" अण्णाची गाडी लाल? वर फुगे? मी काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही, शाळा मी लवकर सोडली, पण तेवढं शिक्षण झालंय.

मामांना वाटलं, पोराला मदत करावी. "नाकेबंदीत आम्ही टाकीच्या भोकाला साबण लावून गाड्या चालवल्या," असं म्हणून कपड्याच्या साबणाची अख्खी वडी त्यांनी चेंबरला खालून थापली. अहो, टाकी गार असते, चेंबर तापतो. गाडी चुन्नाकमला पोचली ती मागे फेस सोडत, कुत्री पळाली, आणि तेल चालूच.

रविवार उजाडला. बास हजर, मामा हजर, अण्णी स्वयंपाकघराच्या दारात. इंजिन चालू केलं. मामा वाकून बघतायत, "कुठे, कुठून येतंय," तेवढ्यात तेल मोजायची पट्टी फट्कन उडाली, आणि मागून काळी चिळकांडी मामांच्या सदऱ्यावर. मामा देवाचं नाव घेत होते की माझं, कळलं नाही. पण बासने त्या चिळकांडीकडे नीट बघितलं. इंजिन बंद केलं, तार घेतली आणि गाडीखाली शिरला.

"तंबी, आतला वाफारा बाहेर सोडायला हिला एक नळी असते, जमिनीकडे तोंड केलेली. ती कुणीतरी बुजवलीय. मग तो वाफारा फट दिसेल तिथून तेल ढकलणार, दुसरं काय करणार?"

"मग आधी का नाही बघितलंस?"

"मला काय ठाऊक, तुमच्या घरात गाडीच्या नाकात बोळे घालतात?"

तारेने ओढलं. बोळा आला. बाहेरून डांबरासारखा, उलगडला तर आत पांढरा. मामांनी ओळखला. मयताच्या दिवशी आमच्याकडच्या रीतीने परटाने घराला आतून पांढरं कापड बांधलं होतं, त्याचा तुकडा. माझं डोकंच फिरलं. कोण तो, म्हटलं, समोर येऊ दे, हात तोडतो.

अण्णी म्हणाली, "मी."

आता काय करता?

"रोज पहाटे ते गाडी इथे चालू करून ठेवायचे," ती म्हणाली, "आणि चहाला आत यायचे. आता तू चालू करतोस. धुराचा तो वास चुलीपर्यंत येतो, आणि मी त्यांचा पेला काढते. रोज काढते, तंबी. मग परत ठेवते. कापड घातल्यावर जरा कमी येत होता."

मामा सदऱ्यावरचं तेल पुसत राहिले, पुसून पुसून पसरवलं. मग हळूच म्हणाले, "मग देऊन टाकू का, लेकी? तो माणूस येईलच."

"द्यायची कशाला? गाडी त्यांची आहे," अण्णी म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "फक्त इथे चालू करू नकोस."

तर झालं. नळी मोकळी, तेलाचा थेंब नाही, इंजिन असं गोड की बास स्वतः ऐकायला येतो. आणि मी रोज पहाटे ती गाडी, दार उघडं टाकून, खांदा लावून, ढकलत ढकलत पिल्लैयारच्या देवळापर्यंत नेतो आणि तिथे चालू करतो. वाटेत बासचं दुकान लागतं, तो हात जोडतो, "माझ्या दारावरून नको रे, गिऱ्हाईकं बघतायत." परमेश्वरी आच्ची टोपलीसकट आत बसलेली असते, उतरत नाही, वरून विचारते, "काय रे तंबी, अजून बिघडलेलीच?"

काय सांगायचं तिला? म्हणतो, हो आच्ची. बिघडलीय.