भोक पाडलेला रुपया

कर्जत स्टँड. श्रीरामपूरच्या गाडीच्या दारात कंडक्टर, पायरीवर म्हातारी.

“बाकीचे पैसे बरोबर आहेत, आजी. हा रुपया चालणार नाही. भोक आहे.”

“सरकारचाच हाय की, मास्तर.”

“नाणं सरकार पाडतं, मुंबईच्या टांकसाळीत. भोक तुम्ही पाडलंत. त्याला सरकार काय करणार?”

“सोनाराकडनं पाडून घेतलं. नातवाच्या गळ्यात बांधायला. दिष्ट लागू नये म्हनून.”

“मग राहू द्यायचा त्याच्या गळ्यात. दुसरा काढा.”

“दुसरा न्हाई. पोराचा बाप तिकडं ऊस तोडतोय. त्याला आनायचंय.”

“उद्या जा की.”

“उद्यापातुर माती कशी ठिवायची, बाबा?”

“कुणाची माती?”

“सकाळी दोरा तोडून काढलाय रुपया. बघा, गाठ अजून हाय त्याला.”