वाढदिवसाचं चित्र

बंधूंनो, भगिनींनो, बाईंच्या घरच्या मंडळींनो,

वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. आज तो तिथवर पोचला नाही तर सांभाळून घ्या.

आपल्या शाळेच्या निर्मलाबाई गेल्या. मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवतो, म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि थांबतो.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक साहेब आले होते. मुलांची भाषा तपासायची परदेशी चाचणी घेऊन. चित्र दाखवायचं, मुलानं सांगायचं, छापील उत्तराशी ताडून गुण द्यायचे. प्रश्न मराठीत केलेले, चित्रं मात्र तिकडचीच. गुण कमी पडले की मूल मतिमंदांच्या शाळेत जाणार. चाचणी घ्यायचं काम बाईंकडे आलं.

बाईंच्या वर्गात सुंदरा होती, मूळची मंद्रूप गावची. वडील इथं टांगा हाकायचे. तिच्यापुढं चित्र आलं. टेबलावर केक, त्यावर मेणबत्त्या, आणि एक मुलगा गाल फुगवून त्या फुंकतोय. उत्तर हवं होतं, वाढदिवस.

सुंदरा म्हणाली, "बाई, ह्याची आई कुटं गेली? दिवा फुकतंय की! लई मार खानार हे."

मंडळी, काय चुकलं हो त्या लेकराचं? आपल्याकडं वाढदिवसाला दिवा लावून ओवाळतात. फुंकर मारून दिवा घालवला तर आई पाठीत धपाटा घालते. पोरीनं चित्र नीट पाहिलं, वर त्या अनोळखी पोराच्या पाठीची काळजी केली. गुण किती? शून्य!

साहेब म्हणाले, "देशोदेशीच्या मुलांना हीच चाचणी देतात."

बाई म्हणाल्या, "मग त्या मुलांना आपलं निरांजन दाखवा. ओवाळणं ओळखता आलं नाही तर त्यांनाही मतिमंद म्हणा."

साहेब चिडले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाईंनी पुढची चाचणी घ्यायला साफ नकार दिला आणि सुंदराला शाळेतून हलू दिलं नाही. साहेबांचा राग वर पोचला. मुख्याध्यापिकेची जागा बाईंच्या हातची गेली, ती गेलीच. त्याबद्दल कधी बोलल्या का त्या? मी विचारलं तर म्हणायच्या, "पोरगी वर्गात आहे ना? मग झालं."

ती पोरगी यंदा मॅट्रिकला बसलीय. फोटोपुढची ही समई तिनंच लावली. मगाशी मला म्हणाली, "सर, सभा झाल्यावर दिवा कुनी फुकू नका. तेल सरंस्तवर मी बसते हितं."

चला, उभे राहू या. बाईंसाठी दोन मिनिटं गप्प राहू या. आणि जाताना समईजवळून जरा सावकाश जा. पदराचा वारासुद्धा लागू देऊ नका.